राज्य बदललं की सायकॉलॉजिस्ट बदलावा लागतो का? अमेरिकेतल्या लायसन्सविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत मराठी बोलणारे सायकॉलॉजिस्ट मोजकेच आहेत. त्यामुळे एकदा मन मोकळं करता येईल असा माणूस सापडला की डलासला बदली झाली किंवा मुलगी दुसऱ्या राज्यात कॉलेजला गेली, तरी त्याला सोडवत नाही. व्हिडिओ कॉलची सोय आहे, दोघांची तयारी आहे, तरीही गाडी अडते ती लायसन्सच्या नियमांपाशी. मराठी घरांतून आणि या पेशात नव्याने येणाऱ्या मुलामुलींकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे दिली आहेत. ही माहिती मुख्यतः डॉक्टरेट झालेल्या, स्वतंत्र लायसन्स असलेल्या सायकॉलॉजिस्टबद्दल आहे. समुपदेशक, सोशल वर्कर आणि सायकियाट्रिस्ट यांच्याबद्दल पुढे थोडक्यात लिहिलं आहे.

न्यू जर्सीचं ड्रायव्हिंग लायसन्स घेऊन थेट ओहायोपर्यंत गाडी नेता येते. मग सायकॉलॉजिस्टचं लायसन्स नदीपलीकडे का चालत नाही?

कारण अमेरिकेत व्यवसायांचं नियमन राज्यांच्या हातात आहे. डॉक्टरकीचं लायसन्स देण्याचा राज्याचा अधिकार तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १८८९ साली ‘डेंट विरुद्ध वेस्ट व्हर्जिनिया’ खटल्यात मान्य केला आणि पुढे इतर आरोग्य व्यवसायांनीही तीच वाट धरली. सायकॉलॉजिस्टसाठी पहिला कायदा कनेक्टिकटने १९४५ साली केला, शेवटचा मिझुरीने १९७७ साली. प्रत्येक राज्याचं स्वतंत्र मंडळ, स्वतंत्र नियम, स्वतंत्र शुल्क. लोकांचं रक्षण करणं हा मंडळाचा हेतू आणि त्याचा अधिकार राज्याच्या हद्दीत संपतो.

भारतातून आलेल्यांना हे विचित्र वाटतं, कारण तिकडे क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी केंद्रीय पातळीवर भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते आणि नागपूरचा माणूस बंगळुरूला गेला तरी त्याची नोंदणी तीच राहते.

मग महत्त्वाचं काय? मी कुठे आहे की सायकॉलॉजिस्ट कुठे आहे?

दोन्ही. पण बहुतेक प्रश्नांचा निकाल तुम्ही कुठे आहात यावर लागतो. सेशनच्या त्या तासाला क्लायंट ज्या राज्यात बसलेला असतो, त्या राज्यात सेवा दिली गेली असं धरलं जातं. तुमचा कायमचा पत्ता, ड्रायव्हिंग लायसन्सवरचं राज्य, फोनचा एरिया कोड, यांपैकी काहीही इथे कामाला येत नाही.

जर्सी सिटीत राहणाऱ्या आणि मॅनहॅटनमध्ये नोकरी करणाऱ्या मराठी लोकांनी हे नीट समजून घ्यावं. तुमच्या सायकॉलॉजिस्टकडे फक्त न्यू जर्सीचं लायसन्स आहे असं समजा. संध्याकाळी घरी आल्यावर केलेलं सेशन नियमात बसतं. तेच सेशन दुपारच्या सुट्टीत ऑफिसच्या मीटिंग रूममधून केलं, तर तुम्ही न्यूयॉर्कमध्ये आहात आणि तिथलं लायसन्स त्यांच्याकडे नाही. अंतर पाथ ट्रेनने काही मिनिटांचं, माणसं तीच, विषय तोच, तरीही. म्हणूनच चांगला सायकॉलॉजिस्ट प्रत्येक सेशनच्या सुरुवातीला ‘आज तुम्ही कुठे आहात?’ असं विचारतो आणि उत्तर टिपून ठेवतो. हा प्रश्न संशयाने विचारलेला नसतो. त्याचं खरं उत्तर द्या. खोटं सांगून सेशन मिळवलं तर भुर्दंड पडतो तो तुम्हाला मदत करणाऱ्याच्या लायसन्सवर.

सायपॅक्ट हा शब्द सारखा ऐकू येतो. तो नेमका काय आहे?

हा राज्याराज्यांमधला करार आहे. सायकॉलॉजी मंडळांची जी उत्तर अमेरिकी संघटना आहे, एएसपीपीबी, तिने २०१५ साली त्याचा मसुदा मंजूर केला. २०१६ साली ॲरिझोनाने तो सर्वांत आधी स्वीकारला. किमान सात राज्यांनी कायदा केल्याशिवाय करार अमलात येणार नव्हता. एप्रिल २०१९ मध्ये जॉर्जिया सातवं ठरलं आणि २०२० च्या जुलैपासून अर्ज घ्यायला सुरुवात झाली. तेव्हा करोनाचा काळ होता. अनेक राज्यांनी तात्पुरत्या सवलती देऊन बाहेरच्या सायकॉलॉजिस्टना परवानगी दिली होती. त्या सवलती पुढे बहुतेक ठिकाणी संपल्या, सायपॅक्ट मात्र वाढत गेला. आज चाळीसहून अधिक राज्यं आणि प्रदेश त्यात आहेत, राजधानी वॉशिंग्टन डीसीसह.

सायपॅक्टमुळे नवं लायसन्स मिळत नाही. मूळ लायसन्स आपल्या राज्याचंच राहतं, त्यावर इतर सदस्य राज्यांत काम करण्याचा अधिकार जोडला जातो. या अधिकाराचे दोन प्रकार आहेत. व्हिडिओ किंवा फोनवरून सेवा द्यायची असेल तर सायपॅक्टच्या आयोगाकडून एपीआयटी हा अधिकार घ्यावा लागतो आणि त्यासाठी आधी एएसपीपीबीचा ‘ई-पासपोर्ट’ लागतो. प्रत्यक्ष दुसऱ्या राज्यात जाऊन काम करायचं असेल तर ‘टॅप’ नावाचा तात्पुरता अधिकार आहे, त्यासाठी आयपीसी हे प्रमाणपत्र लागतं. टॅपची मर्यादा एका राज्यात एका कॅलेंडर वर्षाला ३० दिवस. दिवसाचा काही भाग काम केलं तरी पूर्ण दिवस मोजला जातो.

कोणती राज्यं बाहेर आहेत?

आपल्या लोकांच्या दृष्टीने दोन मोठी: कॅलिफोर्निया आणि न्यूयॉर्क. बे एरिया, लॉस एंजेलिस, क्वीन्स, मॅनहॅटन, म्हणजे मराठी मंडळांची गजबज असलेले कितीतरी भाग त्यामुळे कराराच्या कक्षेत येत नाहीत. या दोन राज्यांनी आपले निकष सैल होतील या भीतीने दूर राहावं, यात मला रुग्णांचं हित दिसत नाही. न्यू जर्सी, टेक्सस, इलिनॉय, पेनसिल्व्हेनिया, जॉर्जिया, वॉशिंग्टन, नॉर्थ कॅरोलिना, मिशिगन, फ्लोरिडा ही राज्यं सदस्य आहेत. यादी बदलत असते, तेव्हा सायपॅक्टच्या संकेतस्थळावरचा नकाशा पाहूनच निर्णय घ्या. तिथेही एक गोष्ट बघायला विसरू नका: कायदा संमत झाला म्हणजे तो लागू झाला असं नसतं. दोन्हींच्या तारखा वेगळ्या असतात.

मी न्यू जर्सीत सायकॉलॉजिस्ट आहे. ई-पासपोर्टसाठी मला काय लागेल?

सदस्य राज्याचं चालू आणि कोणतंही बंधन नसलेलं लायसन्स, मान्यताप्राप्त अभ्यासक्रमातली डॉक्टरेट, सायकॉलॉजिस्टच्या लायसन्ससाठीच्या ईपीपीपी परीक्षेत उत्तीर्ण असणं आणि शिस्तभंगाची कारवाई किंवा गुन्ह्याची नोंद नसणं. दरवर्षी तंत्रज्ञानाच्या वापराशी संबंधित तीन तासांचं प्रशिक्षण करावं लागतं. सुरुवातीचं शुल्क ई-पासपोर्टचे ४०० डॉलर आणि आयोगाचे ४० डॉलर असं राहिलेलं आहे, नूतनीकरण त्याहून बरंच स्वस्त. पाच राज्यांची वेगवेगळी लायसन्स काढायची ठरवलीत, तर नुसत्या अर्जांचा खर्च याच्या कितीतरी पुढे जातो, वर प्रत्येक राज्याची कायद्याची परीक्षा वेगळी.

एक अट अनेकांच्या नजरेतून सुटते. एपीआयटीखाली सेवा देताना तुम्ही स्वतः आपल्या मूळ राज्यात, म्हणजे तुमचं लायसन्स असलेल्या सदस्य राज्यात, प्रत्यक्ष हजर असायला हवं. क्लायंट टेक्ससमध्ये, तुम्ही न्यू जर्सीत: चालतं. तुम्ही आठवडाभर बहिणीकडे सॅन होजेला गेला आहात आणि तिथून टेक्ससच्या क्लायंटला भेटता: चालत नाही.

मुलगी न्यू जर्सीतल्या सायकॉलॉजिस्टकडे दोन वर्षं जाते आहे. आता कॅलिफोर्नियात बर्कलीला प्रवेश मिळाला. तिचे उपचार बंद होणार का?

बंद पडू नयेत यासाठी हालचाल करायची वेळ प्रवेश नक्की झाला तो दिवस. ऑगस्टमध्ये सामान बांधताना नव्हे. नव्या गावी, नव्या खोलीत, पहिल्या परीक्षांच्या तोंडावर आधाराचा माणूस अचानक सुटणं फार जड जातं. पालक वसतिगृह, जेवणाचा प्लॅन आणि लसीकरणाचे कागद यांची तयारी मन लावून करतात, तेवढंच लक्ष इकडेही द्यावं.

करता येण्यासारख्या गोष्टी अशा. पहिली, सायकॉलॉजिस्टना विचारा की त्यांच्याकडे कॅलिफोर्नियाचं लायसन्स आहे का किंवा ते काढण्याचा विचार आहे का. दुसरी, कॅलिफोर्नियाच्या कायद्यात दुसऱ्या राज्यातल्या डॉक्टरेट पातळीच्या लायसन्सधारकाला एका कॅलेंडर वर्षात ३० दिवसांपर्यंत सेवा देण्याची मुभा आहे. ती कायमची सोय होऊ शकत नाही, पण नव्या व्यक्तीच्या हाती नीट सोपवेपर्यंतचा पूल म्हणून तिचा उपयोग होतो. दिवस कसे मोजायचे हे सायकॉलॉजिस्टने तिथल्या मंडळाकडून लेखी विचारून घ्यावं. तिसरी, विद्यापीठाच्या समुपदेशन केंद्राशी मुलीने आधीच संपर्क करावा आणि जुन्या सायकॉलॉजिस्टला माहिती पुढे देण्याची लेखी संमती द्यावी. ती अठरा वर्षांची झाली असेल तर ही सही तिची लागते, तुमची नाही.

उलटा प्रसंगही येतो. ओहायोत शिकणारा मुलगा कॅम्पसवर सेशन घेत असतो आणि उन्हाळ्यात कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला घरी येतो. विद्यापीठ केंद्र मग ‘तीन महिने थांबा’ म्हणतं. मुलाला वाटतं आपल्याला टाळलं. त्याला आधीच समजावून सांगितलं की यात त्याचा दोष नाही, तर तो तुटत नाही.

मुलगी बर्कलीऐवजी ऑस्टिनला किंवा शिकागोला, म्हणजे सदस्य राज्यात गेली असती, तर ई-पासपोर्ट असलेल्या सायकॉलॉजिस्टकडे काहीही न बदलता उपचार चालू राहिले असते.

सायपॅक्टखाली काम करताना कोणत्या राज्याचा कायदा पाळायचा?

क्लायंट जिथे आहे तिथला. ई-पासपोर्ट मिळवणं सोपं आहे, हा भाग अवघड आहे.

धोक्याचा इशारा देण्याचं कर्तव्य हे उदाहरण घ्या. एखादा क्लायंट सेशनमध्ये म्हणाला की मी अमुक माणसाला मारणार आहे, तर सायकॉलॉजिस्टने काय करायचं? कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७६ च्या टॅरासॉफ खटल्यात सांगितलं की धोक्यात असलेल्या व्यक्तीचं रक्षण करण्यासाठी वाजवी पावलं उचलणं ही उपचार करणाऱ्याची जबाबदारी आहे. न्यू जर्सीच्या कायद्यातही असं कर्तव्य आहे. टेक्ससच्या सर्वोच्च न्यायालयाने मात्र १९९९ साली ‘थापर विरुद्ध झेझुल्का’ खटल्यात हे कर्तव्य लादायला नकार दिला. तिथला कायदा पोलिसांना किंवा वैद्यकीय कर्मचाऱ्यांना कळवण्याची परवानगी देतो, ज्याच्या जिवावर उठलाय त्या माणसाला थेट कळवण्याचं कर्तव्य ठेवत नाही. म्हणजे न्यू जर्सीत शिकलेली सवय टेक्ससच्या क्लायंटच्या बाबतीत जशीच्या तशी वापरली, तर गोपनीयतेचा भंग ठरण्याची शक्यता आहे.

अल्पवयीन मुलांचंही तसंच. वॉशिंग्टन राज्यात तेरा वर्षांचं मूल स्वतःच्या संमतीने बाह्यरुग्ण मानसिक उपचार घेऊ शकतं, पेनसिल्व्हेनियात चौदा वर्षांचं. इतर राज्यांत वय वेगळं, अटी वेगळ्या. सिएटलमधल्या मराठी आईवडिलांना ‘आमच्या मुलाची फाइल आम्हालाच दाखवत नाहीत’ याचा धक्का बसतो तो यामुळे. ज्या राज्यांत क्लायंट घ्यायचे, तिथले हे दोन-तीन कायदे आधी वाचून काढावेत. चाळीस राज्यांचे दरवाजे उघडले म्हणून चाळीस राज्यांतले क्लायंट घेणं शहाणपणाचं नाही.

क्लायंट दुसऱ्या राज्यात असताना जिवाचा धोका निर्माण झाला तर?

न्यू जर्सीतून ९११ लावलं तर फोन न्यू जर्सीतल्याच केंद्राला लागतो. त्यामुळे क्लायंटच्या गावच्या पोलीस ठाण्याचा थेट नंबर, जवळच्या रुग्णालयाचं नाव आणि एका विश्वासू माणसाचा फोन पहिल्याच सेशनमध्ये लिहून घ्यायला हवा. तुमच्या सायकॉलॉजिस्टने हे विचारलं नाही तर तुम्ही स्वतःहून द्या. ९८८ ही संकटकाळची हेल्पलाइन जुलै २०२२ पासून देशभर आहे, कोणत्याही राज्यातून लावता येते. तिथे बोलायला कोणाच्या लायसन्सचा प्रश्न येत नाही.

पुण्यातल्या समुपदेशक ताईंशी मी टेक्ससमधून दर आठवड्याला मराठीत बोलते. हे चालतं का?

हा प्रश्न बायका फार संकोचाने विचारतात. लग्न होऊन नव्याने आलेल्या, नोकरीची परवानगी नसलेल्या, गाडी चालवता न येणाऱ्या मुलीला आपल्या भाषेत बोलणारं कोणी हवं असतं आणि पुण्याचा दर डॉलरमध्ये परवडतो. त्या गरजेत लाजण्यासारखं काही नाही.

नियमाप्रमाणे मात्र तुम्ही टेक्ससमध्ये बसून मानसोपचार घेत आहात, म्हणजे देणाऱ्याकडे तिथे चालणारा अधिकार हवा. भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी अमेरिकेत लायसन्स म्हणून चालत नाही आणि सायपॅक्ट देशाबाहेरच्या कोणालाही लागू होत नाही. राज्यांचे कायदे विनापरवाना काम करणाऱ्यावर बोट ठेवतात, मदत घेणाऱ्यावर नाही. तरी तुमचंही नुकसान आहे: काही चुकलं तर तक्रार करायला इथलं मंडळ नाही, विमा पैसे देत नाही आणि रात्री जिवावर बेतलं तर पुण्यातून तुमच्या गावच्या पोलिसांपर्यंत पोहोचणं कठीण. मैत्रीपूर्ण आधार, पालकत्वाच्या कार्यशाळा, मराठी मंडळातले आधारगट यांना उपचार म्हटलं जात नाही, तोवर हा प्रश्न येत नाही. पण नैराश्य, घरातली हिंसा, आत्महत्येचे विचार असं काही असेल तर इथला लायसन्सधारक शोधा. टेक्सस सदस्य आहे, म्हणून शोध टेक्ससपुरता ठेवायची गरज नाही. इतर कुठल्याही सदस्य राज्यातला, ई-पासपोर्ट आणि एपीआयटी असलेला मराठी सायकॉलॉजिस्ट तुम्हाला भेटू शकतो.

माझा सायकॉलॉजिस्ट सुट्टीत भारतात जातो किंवा मीच दोन महिने नाशिकला जाते. सेशन चालू ठेवता येईल?

तुम्ही नाशिकला असाल तर तुम्ही भारतात आहात आणि भारतातले नियम लागतात. सायपॅक्टचा संबंध संपतो. ते भारतात गेले असतील, तर टेक्ससमधल्या तुमच्याशी ते एपीआयटीखाली बोलू शकत नाहीत, कारण ते मूळ राज्यात हजर नाहीत. ते न्यू जर्सीचे लायसन्सधारक आणि तुम्हीही न्यू जर्सीत, अशा वेळी त्यांनी आपल्या मंडळाला आणि व्यावसायिक विमा कंपनीला आधी लेखी विचारावं. बहुतेक जण या काळापुरता एखादा सहकारी नेमून देतात. सुट्टीची तारीख कळली की लगेच ही व्यवस्था विचारून घ्या.

मी भारतात एम.ए. आणि एम.फिल. केलं आहे. अमेरिकेत सायकॉलॉजिस्ट म्हणून लायसन्स मिळेल?

बहुतेक राज्यांत नाही. तिथे ‘सायकॉलॉजिस्ट’ हे नाव लावायला डॉक्टरेट लागते, देखरेखीखाली हजारो तासांचं काम लागतं आणि ईपीपीपी द्यावी लागते. कॅलिफोर्नियात हे तास ३,०००, त्यांपैकी किमान १,५०० डॉक्टरेटनंतरचे. ईपीपीपीत २२५ प्रश्न असतात, वेळ सव्वाचार तास, स्वतंत्र कामासाठी शिफारस केलेले गुण ५००. ते २०० ते ८०० या मापात दिले जातात. भारतातली डॉक्टरेट असेल तर तिचं समकक्षता मूल्यांकन करून घ्यावं लागतं आणि पुढचा निर्णय राज्य मंडळ घेतं.

अनेक जणी इथे दुसरं मास्टर्स करून समुपदेशकाचं लायसन्स घेतात. वेळ आणि पैसा पाहता तो रस्ता जवळचा आहे आणि त्यात कमीपणा मुळीच नाही. फक्त एक लक्षात ठेवा: लायसन्स आणि कामाचा परवाना या दोन वेगळ्या गोष्टी. एच-४ व्हिसावर ईएडी, म्हणजे कामाचा परवाना, नसेल तर लायसन्स हातात असूनही काम करता येत नाही.

मी अजून इंटर्न आहे. माझ्या सुपरवायझरच्या ई-पासपोर्टवर दुसऱ्या राज्यातला क्लायंट पाहू शकते का?

नाही. हा अधिकार ज्याच्या नावावर आहे त्याच्यापुरताच.

विमा कंपनी दुसऱ्या राज्यातल्या सायकॉलॉजिस्टचे पैसे देते का?

सायपॅक्ट विमा कंपनीला काहीही बंधनकारक करत नाही. अनेक प्लॅनचं नेटवर्क राज्यापुरतं असतं, त्यामुळे सेवा कायदेशीर असूनही बिल नाकारलं जाऊ शकतं. पहिल्या सेशनआधी कंपनीला फोन करा, सायकॉलॉजिस्टचं राज्य आणि तुमचं राज्य दोन्ही सांगा आणि संभाषणाचा संदर्भ क्रमांक लिहून ठेवा.

समुपदेशक, सोशल वर्कर, सायकियाट्रिस्ट यांचं काय?

सायपॅक्ट त्यांच्यासाठी नाही. समुपदेशकांचा आणि सोशल वर्करांचा स्वतंत्र करार आहे, दोन्ही नवे आहेत. सायकियाट्रिस्ट डॉक्टर असल्याने त्यांच्यासाठी वैद्यकीय लायसन्सचा करार आहे, त्यात प्रत्येक राज्याचं पूर्ण लायसन्सच मिळतं, फक्त लवकर. फ्लोरिडाने २०१९ पासून आणखी एक सोय ठेवली आहे: बाहेरच्या राज्यातले आरोग्य व्यावसायिक तिथे केवळ टेलिहेल्थसाठी नोंदणी करू शकतात. फ्लोरिडात क्लायंट असेल तर तीही बघावी.

समोरच्या माणसाला खरंच अधिकार आहे हे तपासायचं कसं? आणि तक्रार कुठे करायची?

प्रत्येक राज्य मंडळाच्या संकेतस्थळावर नाव टाकून लायसन्स पाहता येतं: चालू आहे की नाही, त्यावर कारवाई झालेली आहे का. सायपॅक्टची सार्वजनिक यादीही आहे, तिथे एपीआयटी आणि टॅप असलेल्यांची नावं शोधता येतात. दोन्हीकडे पाहायला पाच मिनिटं लागतात. मूळ राज्याचं लायसन्स निलंबित झालं की सायपॅक्टचा अधिकारही जातो, म्हणून वर्षातून एकदा पुन्हा पाहिलेलं बरं.

तक्रार तुमच्या राज्याच्या मंडळाकडे करता येते आणि त्यांच्या मूळ राज्याच्या मंडळाकडेही. तुमचं राज्य आपल्या हद्दीत काम करण्याचा त्यांचा अधिकार काढून घेऊ शकतं, पण लायसन्सला हात लावू शकतं ते फक्त मूळ राज्य. तक्रार लिहिताना प्रत्येक सेशनची तारीख आणि त्या दिवशी तुम्ही कोणत्या राज्यात होतात हे नमूद करा. इंग्रजीत लिहायला अवघड वाटत असेल तर दुभाषाची सोय आहे का, ते मंडळाला फोन करून विचारा.